डिस्क लावा, बॅकअप आपोआप होईल

तुमच्या लिनक्स कॉम्प्युटरसोबत आम्ही एक यूएसबी हार्डडिस्क दिली आहे. रोज काम संपलं की ती लावायची. कुठलंही बटण दाबावं लागत नाही. स्क्रीनवर ‘बॅकअप सुरू’ असं येईल आणि थोड्या वेळाने ‘डिस्क काढा’. मग ती घरी न्या. आग लागली किंवा चोरी झाली, तर कॉम्प्युटरशेजारी ठेवलेली डिस्कही जाते.

डिस्क लावल्याबरोबर लिनक्सचा कर्नल (म्हणजे त्याचा गाभा) तिची खबर यूडेव्ह या प्रोग्रॅमला देतो. यूडेव्हकडे आम्ही एक नियम लिहून ठेवला आहे: हीच डिस्क असेल तर बॅकअप सुरू करायचा निरोप दे. ओळख पटते ती यूयूआयडी या तिच्या खास ओळख-क्रमांकावरून. हा क्रमांक फॉरमॅट करताना मिळतो, म्हणून डिस्क कृपया परत फॉरमॅट करू नका. नवा क्रमांक आमच्या नियमाला ठाऊक नसेल आणि बॅकअप सुरूच होणार नाही.

बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे तो करणाऱ्या आज्ञांची यादी, थेट यूडेव्हच्या नियमातूनही चालवता येते, पण आम्ही तसं करत नाही. यूडेव्हला फक्त झटपट कामं चालतात. लांबलेलं काम तो मध्येच बंद पाडतो. अर्धाच बॅकअप झाला आणि कोणाला कळलंही नाही, याची आम्हाला फार धास्ती वाटते. म्हणून यूडेव्ह फक्त निरोप देतो आणि काम सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधली कामं चालवणारी व्यवस्था, करतं. पहिल्या दिवशी वेळ लागेल. पुढे आरसिंक हे फाइलींची नक्कल करणारं साधन फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली उचलतं.

‘मग कोणाच्याही पेनड्राइव्हमधून व्हायरस सुरू होईल का?’ असं बरेच जण विचारतात. शंका रास्त आहे. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेला कॉन्फिकर हा घातक प्रोग्रॅम विंडोजच्या ऑटोरनचा (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीचा) फायदा घेऊन पेनड्राइव्हमधूनही फिरला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन पेनड्राइव्हसाठी ती सोय बंद केली. आपली स्क्रिप्ट कॉम्प्युटरमध्येच असते, डिस्कवरचं काहीही चालवलं जात नाही. शिवाय डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या सांकेतिक कुलपाने, बंद आहे, त्यामुळे ती हरवली तरी तुमचे हिशेब कोणाला वाचता येणार नाहीत. तिचा पासवर्ड बंद पाकिटात दिला आहे. कॉम्प्युटर बिघडला तर डिस्क उघडायला तोच लागेल, तेव्हा पाकीट घरच्या कपाटात ठेवा.

‘डिस्क काढा’ दिसेपर्यंत मात्र वायरीला हात लावू नका. लिनक्स मजकूर आधी मेमरीत घेतं आणि डिस्कवर मागाहून उतरवतं.

डिस्क लावूनही काहीच दिसलं नाही, तर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तरीही नाही, तर त्याच दिवशी फोन करा. महिन्यातून एकदा आमचा माणूस येईल आणि तुम्ही सांगाल ती फाइल बॅकअपमधून काढून दाखवेल.