अबोल मुले आणि आभासी वर्ग : पार्श्वभूमी

घरी आजीशी अखंड बडबडणारे मूल शाळेत पाय ठेवताच मुके होते आणि महिनोन्महिने टीचरच्या प्रश्नाला मान हलवण्यापलीकडे उत्तर देत नाही, तेव्हा त्याला घुमे, मुखदुर्बळ किंवा सरळ हट्टी ठरवून आपण मोकळे होतो. वैद्यकशास्त्राची सुरुवातही याहून फार वेगळी नव्हती. १८७७ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यांनी असे मौन स्वेच्छेने धरलेले असते असे मानले. १९३४ मध्ये मोरिट्झ ट्रामर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी मुलांमधील या अवस्थेला दिलेल्या ‘इलेक्टिव्ह म्युटिझम’ या नावातही न बोलण्याची निवड मुलाचीच असल्याचा सूर होता, आणि १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने ते नाव कायम ठेवले. पुढे १९९४ च्या आवृत्तीत सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे ठरावीक प्रसंगीच येणारे मौन, हे नाव आले. मात्र खरा पालट त्यानंतरचा आहे : २०१३ च्या आवृत्तीने हे मौन चिंताविकारांमध्ये घातले. बोलण्याची इच्छा असूनही भीतीने घसा बंद होतो, हे एकदा मान्य झाल्यावर शिक्षा, आमिष आणि चारचौघांत ‘बोल बघू’ असा आग्रह या सगळ्यांचा आधारच निखळला.

भीतीवरील उपचाराची रीत मात्र तोवर जुनी झाली होती. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत माणसाला भीतीच्या विषयासमोर एकदम उभे न करता, सोसवेल अशा पायऱ्यांनी त्याच्याजवळ नेले जाते. अबोल मुलांसाठी याच तत्त्वावर जे उपचार घडले, त्यांत शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मूल खेळत बोलतात, टीचर आधी दाराबाहेरून जातात, मग दारात थांबतात, काही दिवसांनी खेळात येऊन बसतात, आणि मुलाचा आवाज टिकतो आहे असे दिसल्यावर आई हळूहळू बाजूला होते. हा उपचार परिणामकारक असला तरी वेळखाऊ आहे, कारण त्यासाठी मोकळा वर्ग, सवड असलेली टीचर आणि न कंटाळणारे पालक एकाच वेळी लागतात.

आभासी वास्तवाचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभारलेल्या जगात वावरण्याच्या तंत्राचा (व्हीआरचा), प्रवेश या अडचणीतून झाला. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंचीची भीती असलेल्या विद्यार्थ्यांना संगणकाने उभारलेल्या पुलांवर, सज्जांत आणि लिफ्टमध्ये नेऊन त्यांची भीती उतरवता येते हे दाखवले. पाठोपाठ सभेत बोलण्याच्या भीतीवरही असे प्रयोग झाले. २०१४ साली पुठ्ठ्याचे गुगल कार्डबोर्ड आणि २०१६ मध्ये घरगुती हेडसेट आल्यावर हे साधन प्रयोगशाळेबाहेर पडले. सिंगापूरमधील वैद्यकांनी अबोल मुलांसाठी आधी संगणकावरील कार्यक्रम आणि नंतर आभासी प्रसंग छोट्या प्रमाणावर वापरून पाहिले. आभासी टीचर तोच प्रश्न न त्रासता पुन्हा पुन्हा विचारू शकते आणि बाकांवरील मुलांची संख्या हवी तशी वाढवता येते.

(कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया या धर्मगुरूंची कथा गोव्यात सर्वांना ठाऊक आहे : पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना वाचा बसली, तेव्हा वडिलांनी ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे कुजबुजून श्रोत्यांचे रूपच बदलून टाकले. कथा खरी असो वा रचलेली, समोरच्या सभेचे भय कमी करून तोंड उघडण्याची वाट करून देणे, हाच या उपकरणाचाही हेतू आहे.)

तरीही उत्साहाला आवर घालायला हवा. हे मौन बहुधा पाच वर्षांच्या आतच सुरू होते, तर मेटा कंपनीने आपल्या हेडसेटसाठी वयाची अट २०२३ मध्ये खाली आणली तीही दहा वर्षांपर्यंतच; शिवाय चित्रातल्या टीचरशी बोललेले मूल खऱ्या टीचरशी बोलेलच असे नाही, म्हणून आभासी सराव खऱ्या वर्गातल्या शेवटच्या पायरीची जागा घेऊ शकत नाही.

गोव्यात यात भाषेचा गुंता आहे. १९९० च्या धोरणाने प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते ठेवले होते, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते खुले झाले, आणि माध्यमाचा वाद तापला. या वादात घरी मराठी किंवा कोकणी बोलून इंग्रजी वर्गात बसणाऱ्या लहान मुलाचा विचार क्वचितच झाला. नवी भाषा कानावर पडत असताना काही काळ गप्प राहणे स्वाभाविक असते. म्हणूनच निदानाच्या निकषांत शाळेचा पहिला महिना धरत नाहीत आणि भाषा येत नसल्यामुळेच आलेले मौन वगळतात. मूल कोकणी-मराठीतही घराबाहेर गप्प असते का, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या ‘संगाथ’सारख्या संस्थेमुळे आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेमुळे मदतीची दारे आहेत, पण परदेशी आभासी वर्गात टीचर इंग्रजीच बोलणार असेल, तर डिचोलीच्या मुलाला भीती आणि परकी भाषा यांचा सामना एकदमच करावा लागेल. त्यापेक्षा चहूबाजूंचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने, शाळेच्या आणि पालकांच्या संमतीने, त्याच मुलाचा वर्ग आणि त्याचीच टीचर घरच्या भाषेत प्रश्न विचारताना टिपून घेणे अधिक सयुक्तिक ठरेल.