58 रुपये की 23 रुपये? तोट्यातील कंपनीतून बाहेर पडण्याचा भाव

परदेशी भागीदार तोट्यातील भारतीय कंपनीतून बाहेर पडताना त्याला शेअरचा कोणता भाव मिळावा? हा गोंधळ सुरू होतो 2010 पासून. त्या वर्षी शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांतील परकीय गुंतवणुकीसाठी भावी रोख प्रवाहावर, म्हणजे कंपनीकडे पुढे येणाऱ्या पैशाच्या अंदाजावर, आधारलेले मूल्यांकन सक्तीचे झाले. परदेशी भागीदाराने येताना त्याहून कमी द्यायचे नाही, जाताना जास्त घ्यायचे नाही. कंपनी नफ्यात असेल तर ठीक. तोट्यातील कंपनीचा भावी प्रवाह म्हणजे व्यवस्थापनाचा अंदाज, आणि फारकतीच्या वेळी दोन्ही बाजूंचे अंदाज कधी जुळत नाहीत.

याचा कस लागला तो सेकंदाला एक पैसा दराने गाजलेल्या टाटा टेलिसर्व्हिसेस (टाटा डोकोमो) या मोबाईल कंपनीच्या प्रकरणात. 2009 मध्ये एका जपानी भागीदाराने 117 रुपये भावाने सुमारे 26 टक्के हिस्सा घेतला. पाच वर्षांत ठरलेली उद्दिष्टे गाठली नाहीत, तर निम्मा भाव, म्हणजे साधारण 58 रुपये, किंवा रास्त किंमत, यांपैकी जे जास्त असेल त्या भावाने हिस्स्यासाठी खरेदीदार शोधण्याची किंवा तो स्वतः घेण्याची जबाबदारी मुंबईच्या टाटा समूहाने स्वीकारली. उद्दिष्टे हुकली. 2014 मध्ये जपानी बाजूने पैसे मागितले, तेव्हा रास्त किंमत निघाली 23.34 रुपये.

बाहेर पडताना ठरावीक परताव्याची हमी घेता येणार नाही, असे त्याच वर्षी नियामकाने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने, स्पष्ट केले होते. म्हणून 58 रुपये द्यायला परवानगी मिळाली नाही. प्रश्न असा की 58 ही शेअरची किंमत होती का? लंडनच्या लवादाने 2016 मध्ये 1.17 अब्ज डॉलर द्यायला सांगितले, पण नुकसानभरपाई म्हणून, कराराचा भंग झाला म्हणून. परदेशातील खरेदीदार शोधूनही करार पाळता आला असता, असेही त्याने म्हटले. एप्रिल 2017 मध्ये दिल्लीतील न्यायालयाने निवाडा उचलून धरला आणि नियामकाचा हस्तक्षेप फेटाळला. तोवर दोन्ही भागीदारांची तडजोड झालेलीच होती.

किंमत वेगळी आणि भरपाई वेगळी, ही फोड हुशारीची आहे, पण पटणारी नाही असे म्हणणे अवघड. हमी घेणाऱ्याने अर्धे नुकसान आधीच पत्करले होते. त्याला ठरावीक परतावा म्हणणे म्हणजे जरा ओढाताणच. उलट बाजूचा मुद्दाही पोकळ नाही: किंमत म्हणून बंद केलेला दरवाजा भरपाईच्या नावाने उघडला, तर नियम कशासाठी?

परकीय गुंतवणुकीच्या 2019 च्या नियमांतही हमीला मनाई कायम राहिली. मूल्यांकनासाठी मात्र आता आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली कोणतीही पद्धत चालते.

ऑक्टोबर 2017 मध्ये त्याच कंपनीचा मोबाईल व्यवसाय एका प्रतिस्पर्ध्याकडे सोपवण्याचे ठरले. त्याने रोख मोबदला जवळपास दिलाच नाही. फक्त स्पेक्ट्रमच्या भरायच्या राहिलेल्या हप्त्यांचा काही भार उचलला.