टीसीएलचा वास म्हणजे बिघडलेलं पाणी नव्हे

मराठवाड्यात गावोगावी ऐकू येतं: नळाला टीसीएलचा, म्हणजे पाण्यातले जंतू मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचा वास आला, पाणी बिघडलं, त्यापेक्षा शेतातल्या विहिरीचं बरं. हे खरं नाही. हलका वास म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकानं आपलं काम चोख केलंय. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा.

टीसीएल बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी तेवढं टाकीत ओतायचं, मग किमान अर्धा तास थांबायचं. गाळासकट ओतलं तर पाणी गढूळतं. पोतं उघडं राहिलं तर, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पावडरीचा जोरच जातो. ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाहताना, पाणी पिवळसर झालं नाही, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा.