पाडलेल्या चाळींचा राडारोडा: मागे वळून पाहताना

मुंबईत जुनी इमारत पाडायची म्हटली की बोलणे होते ते एफएसआयचे, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचे, आणि कार्पेट एरियाचे. राडारोडा कुठे जाणार, हे कोणी सहसा विचारत नाही. याची मुळे जुनी आहेत.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले आणि इमारती खचत गेल्या. १९६९च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ आले. ‘उपकरप्राप्त’ हा शब्द तिथलाच. मात्र १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७)ने अशा इमारतींच्या पुनर्बांधणीला जादा चटईक्षेत्र (एफएसआय) दिले आणि दुरुस्तीपेक्षा पाडकाम फायद्याचे ठरू लागले. माझ्या मते खरे वळण हेच.

जुन्या लाकडी चाळीतले बर्मा सागवान, दारे-खिडक्या, लोखंड सगळे विकले जाते, पुन्हा वापरले जाते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या २०७ बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींचे तसे नाही. त्या १९२०च्या दशकातल्या, काँक्रीटच्या. त्यांतली सळई भंगारात जाते, बाकी ढिगारा उरतो. वर नव्या टॉवरला नवे सिमेंट लागतेच, आणि एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हा ढिगारा वर्षानुवर्षे खाडीकाठी, तिवरांत रिकामा होत राहिला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांत राडारोडा टाकायला मनाई केली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीची नीट सोय नाही म्हणून २९ फेब्रुवारीला उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. पुनर्विकास मात्र वगळला. मोडक्या घरांत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांसाठी ते योग्यच होते, पण पाडकाम होते ते तिथेच. महिन्याभराने केंद्राने राडारोड्यासाठी पहिले स्वतंत्र नियम काढले. दिवसाला २० किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याला विल्हेवाटीचा आराखडा देणे बंधनकारक झाले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामबंदी सहा महिन्यांसाठी उठवली, तीही राडारोडा सुरक्षित जागीच टाकण्याच्या अटीवर.

धुळीची दखल आणखी उशिरा घेतली गेली. पाडकाम चालू असलेली इमारत कापडाने झाकून पाणी मारत राहा, असे महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावले.

२०२५च्या नव्या केंद्रीय नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी थेट बांधकाम करणाऱ्यावर टाकली. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६, आणि माप २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे. गिरगाव-काळबादेवीत चिंचोळ्या भूखंडांवर एकेकट्याने उभ्या असलेल्या उपकरप्राप्त इमारती या मापात बसत नाहीत.