आधी लेन्स, मग रेंजफाइंडर: घडीच्या कॅमेऱ्याचा फोकस कसा जुळवला जातो

घडीचा कॅमेरा, म्हणजे लेन्स आत दुमडून बंद होणारा जुना फिल्मचा कॅमेरा, घेऊन दुकानात येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "याचा रेंजफाइंडर तेवढा जुळवून द्या." रेंजफाइंडर म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून वस्तूचं अंतर सांगणारी खिडकी. कॅमेरा आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला अ‍ॅग्फा आयसोलेट असतो, नाहीतर कुणी मुंबईहून आणलेला सुपर इकोंटा. एक रोल घातलेला असतो, त्यात चेहरे धूसर आलेले असतात आणि मागच्या भिंतीच्या विटा मात्र मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. संशय रेंजफाइंडरवर जाणं साहजिक आहे, कारण डोळ्यांनी जुळवायचं ते त्यातच. पण कित्येकदा रेंजफाइंडर बरोबर अंतर सांगत असतो, चुकलेली असते ती लेन्स. अशा वेळी रेंजफाइंडर फिरवून लेन्सशी मिळवला, तर एका अंतरावर फोटो बरा येतो आणि बाकी सगळीकडे घोळ होतो. म्हणून लेन्सचा फोकस पक्का झाल्याशिवाय आम्ही रेंजफाइंडरच्या स्क्रूला हात लावत नाही. त्यामुळे काम दोन-चार दिवस लांबतं, आणि ते का लांबतं हे एकदा कागदावर सांगावं म्हणून हे पत्रक.

आधी तुमचे फोटो बघा

कॅमेऱ्यासोबत निगेटिव्ह आणाच. त्यावरून निम्मं निदान होतं. फोटोत कुठेतरी काहीतरी स्वच्छ आहे का, एवढंच शोधायचं. माणसाच्या मागचं किंवा पुढचं काही स्वच्छ असेल तर फोकसची जुळवणी चुकली आहे. फोटोची डावी बाजू स्वच्छ आणि उजवी धूसर असेल तर लेन्स ज्या पाट्यावर बसते तो पाटा वाकडा झाला आहे. तिथे फोकस कितीही फिरवला तरी उपयोग नाही, आधी पाटा सरळ करावा लागतो. कुठेच काही स्वच्छ नसेल तर हात हललेला असतो, शटर अडकत असतं किंवा काचेवर बुरशी असते.

लेन्सचा पाटा घरीही तपासता येतो. कॅमेरा उघडून लेन्सची चौकट दोन बोटांत धरा आणि अगदी हलक्या हातानं डावी-उजवी हलवा. जाणवेल इतकी हलली, तर खालच्या काड्या सैल झाल्या आहेत. भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची पिशवी, नवीन बसवलेल्या कॅमेऱ्यात हे जरूर बघा. नवा भाता ताठ असतो आणि तो चौकटीला मागे ओढतो.

पुढची एकच काच

या घराण्यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस करताना अख्खी लेन्स हलत नाही. फक्त सर्वांत पुढची काच आट्यांवर फिरते आणि तिच्यात व मागच्या काचेत असलेलं अंतर बदलतं. ७५ मिमीची अख्खी लेन्स पुढे न्यायची झाली, तर १ मीटरवरच्या माणसासाठी ती सुमारे ६ मिमी सरकवावी लागते. पुढची एकच काच हलवली तर त्याहून बऱ्याच कमी सरकण्यात काम भागतं. स्वस्तात आणि कमी जागेत फोकस मिळतो तो यामुळे. तोटाही यातच आहे. थोड्या हालचालीनं मोठा फरक पडत असल्यामुळे पुढची काच किंचित चुकीच्या जागी बसली तरी फोकस बराच ढळतो.

अ‍ॅग्फाच्या कॅमेऱ्यांचा एक जुना रोग आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे चांगल्या लेन्स वाया गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या काळी आट्यांत भरलेलं हिरवट ग्रीस वर्षानुवर्षं वाळून लाखेसारखं घट्ट होतं. अंतराचं कडं फिरेनासं होतं. मग कुणीतरी जोर लावतो, कडं फिरतं, आणि 'सुटलं' असं वाटतं. प्रत्यक्षात पुढची काच तिच्या आट्यांत फिरलेलीच नसते. ती पुढची आणि तिच्या मागची, अशा दोन्ही काचा एकमेकींना चिकटून एकत्र उघडत असतात. कडं छान फिरतं, आकडे बरोबर दिसतात आणि फोकस मात्र कशालाच धरून नसतो. आयसोलेटचं कडं घट्ट असेल तर कृपया पक्कड लावू नका. शिवणयंत्राचं तेलही सोडू नका. तेल सरपटत शटरच्या पात्यांवर जातं, पाती चिकटतात आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात. आम्ही थोडी ऊब देतो, ग्रीस विरघळवणारं द्रावण थेंबाथेंबानं मुरू देतो आणि वाट पाहतो. कधी एका रात्रीत सुटतं, कधी आठवडा लागतो.

पुढची काच पूर्ण काढून परत बसवताना आणखी एक फसगत होते. काही लेन्सच्या आट्यांना एकापेक्षा जास्त तोंडं असतात. काढताना जे तोंड सुटलं तेच परत धरलं पाहिजे. दुसरं धरलं तर काच नीट बसल्यासारखी दिसते, पण फोकस जुळत नाही. आम्ही काढण्याआधी सुईनं बारीक खूण करतो. तुम्ही घरी काच काढून बघितली असेल तर तसं मोकळेपणानं सांगा, आमचा वेळ वाचेल.

दुधी काच आणि येळ्ळूरचा गड

लेन्सची जुळवणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अंतराच्या कड्यावर आडव्या आठाची खूण असते, ती अनंताची. कडं त्या खुणेवर टेकलेलं असताना फार लांबची वस्तू फिल्मवर स्वच्छ उमटली पाहिजे. मागचं झाकण उघडून, फिल्म ज्या पट्ट्यांवरून सरकते त्या पट्ट्यांवर दुधी काच ठेवायची, खरबरीत बाजू लेन्सकडे. शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं धरायचं, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण मोठं करायचं आणि घड्याळजीच्या भिंगातून त्या काचेवरचं चित्र बघायचं. काच उलटी ठेवली तर तिच्या जाडीएवढी चूक होते, आणि इथे तेवढीही खपत नाही.

किती चूक खपते? ६×६ सेंमीच्या फोटोच्या फिल्मवर एफ ३.५ ला (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) पुढे आणि मागे फार तर ०.१७-०.१७ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला झेरॉक्सच्या कागदाच्या दोन पानांहून कमी. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांना हा आकडा ढोबळ वाटतो. बाकीच्यांना तो ऐकून धडकी भरते.

लांबची वस्तू म्हणून गच्चीवरून दिसणारी येळ्ळूरच्या राजहंसगडाची कड आम्हाला उत्तम पडते. मोबाइलचा टॉवरही चालतो, फक्त तो अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे हवा. चित्र स्वच्छ होईपर्यंत पुढची काच फिरवायची, मग कड्याच्या कडेचे तीन बारीक स्क्रू ढिले करून कडं काचेपासून वेगळं करायचं, अनंताच्या खुणेवर आणायचं आणि स्क्रू परत आवळायचे. सांगायला एवढंच आहे. आवळताना काच हलते ती खरी डोकेदुखी, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पाहायचं, आणि बहुतेक वेळा पुन्हा ढिलं करायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात गड दिसायची खात्री नाही. तेव्हा दोन कॅमेरे टेबलावर समोरासमोर ठेवतो. तुमच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बारीक रेघ ओढलेली दुधी काच बसवतो आणि मागून दिवा लावतो. समोर २०० मिमीची लेन्स लावलेला एसएलआर (लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) अनंतावर ठेवून त्यातून तुमच्या लेन्समध्ये बघतो. तुमची लेन्स खरोखर अनंतावर असेल तर तिच्यातून बाहेर पडणारे किरण समांतर असतात आणि ती रेघ आमच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते. ही पद्धत गच्चीवरच्या पद्धतीपेक्षा जास्त काटेकोर आहे. अट एकच, एसएलआरचं स्वतःचं अनंत आधी उघड्या हवेत तपासलेलं हवं. ते आम्ही दिवाळीनंतर, आभाळ निरभ्र असताना करून ठेवतो.

आता रेंजफाइंडर

इथे तुमचा कॅमेरा कोणत्या जातीचा आहे ते महत्त्वाचं. आयसोलेट थ्रीमध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडलेला नसतो. वरच्या प्लेटचं चाक फिरवून दोन प्रतिमा एक केल्या की तो आकडा सांगतो, आणि तो आकडा लेन्सच्या कड्यावर तुम्ही हातानं लावायचा. सुपर इकोंटा १९३४ मध्ये आला आणि त्यात दोन्ही जोडलेले होते: लेन्सशेजारी उभी राहणारी छोटी दांडी, तिच्यात फिरणाऱ्या काचेच्या पाचरी, आणि त्या पाचरींना पुढच्या काचेशी जोडणारी दातेरी चाकं. रशियन मॉस्क्वा-५ मध्ये हीच मांडणी आहे. अशा कॅमेऱ्यात पुढची काच काढून एक दाता चुकवून बसवली तरी लेन्स आणि रेंजफाइंडर यांची फारकत होते.

रेंजफाइंडर काम करतो तो दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या कोनाच्या फरकावर. खिडक्यांत ४ सेंमी अंतर धरलं, तर १ मीटरवरच्या माणसासाठी हा कोन सुमारे २.३ अंश भरतो आणि १० मीटरवर जेमतेम ०.२३ अंश. म्हणजे जवळ तो चोख असतो आणि लांब गेला की त्याचा अंदाज सैल होतो. सुदैवानं लांबच्या वस्तूंना फोकसची सवलतही जास्त मिळते, त्यामुळे एकूण जमून जातं.

आम्ही आधी वर-खाली असलेला फरक काढतो. दुसरी प्रतिमा मुळापेक्षा वर किंवा खाली दिसत असेल तर उभ्या रेघा जुळल्या तरी डोळा गोंधळतो. नंतर अनंत आणि मग जवळचं अंतर. अनंताला जुळतं आणि १ मीटरला चुकतं, असं झालं तर स्क्रू फिरवून भागत नाही; आत एखादी पट्टी वाकलेली किंवा झिजलेली असते, आणि हे काम वेगळं धरावं लागतं.

प्रतिमा फिकी दिसते म्हणून आतला अर्धपारदर्शक आरसा कापसानं पुसू नका. त्यावरचा मुलामा इतका पातळ आणि जुना असतो की एका पुसण्यात निघून जातो आणि मागे साधी काच उरते. त्यापेक्षा मुख्य खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा अगदी बारीक तुकडा लावा. मुख्य चित्र तेवढ्या जागी काळवंडतं आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. दिसायला ओंगळ, पण उपयोगी.

चूक कॅमेऱ्याची नसते तेव्हा

कड्यावर आकडे मीटरचे आहेत की फुटांचे? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आम्ही तो प्रत्येकाला विचारतो. एकाच मॉडेलचे दोन्ही प्रकार भारतात आलेले आहेत. मीटरच्या कड्यावर माणूस सहा फुटांवर समजून ६ लावला तर फोकस जवळजवळ वीस फुटांवर जातो, आणि मागच्या भिंतीच्या विटा स्वच्छ येतात.

दुसरं, कॅमेरा झटकन उघडू नका. बटण दाबताना दुसरा हात झाकणाखाली धरून सावकाश उघडा. भाता एकदम ताणला गेला की आत हवा कमी पडते आणि फिल्म पुढे ओढली जाते. याच कारणासाठी कॅमेरा उघडल्यानंतर रोल पुढे सरकवा, बंद करण्याआधी सरकवून ठेवू नका. गुंडाळताना फिल्म ताणली जाते आणि परत सपाट बसते.

तिसरं, अ‍ॅपर्चर. ७५ मिमीची लेन्स २ मीटरवर लावून एफ ३.५ ला फोटो काढला तर साधारण १.८८ ते २.१३ मीटरपर्यंतचंच स्वच्छ येतं, म्हणजे वीत-सव्वा वीत. एफ ११ ला तेच १.६७ ते २.४९ मीटर होतं. लग्नाच्या मांडवात कमी उजेडात अशा कॅमेऱ्यानं फोटो काढायचा हट्ट असेल तर आधी टेपनं अंतर मोजायचा सराव करा.

कॅमेरा परत नेल्यावर

सोबत आम्ही एक कार्ड देतो. त्यावर १, २ आणि ५ मीटरला कडं आणि रेंजफाइंडर यांच्यात किती फरक उरला ते लिहिलेलं असतं. सत्तर वर्षांच्या यंत्रात थोडा फरक उरतोच. तो शून्य केल्याचं सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाही. अंतर आम्ही फिल्मच्या पातळीपासून मोजतो, तुम्हीही तसंच मोजा.

पहिला रोल तपासणीसाठीच वापरा. भिंतीला 'तरुण भारत'चं पान चिकटवा, कॅमेरा तिपाईवर ठेवून २ मीटर टेपनं मोजा आणि एफ ३.५ ला फोटो काढा. पानाच्या एका बाजूला थोडं पुढे आणि दुसऱ्या बाजूला थोडं मागे एकेक पुस्तक उभं करा. पुस्तकच जास्त स्वच्छ आलं तर निगेटिव्ह घेऊन या, पुन्हा जुळवण्याचे पैसे घेत नाही.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून पाठवताना कॅमेरा बंद करून, रोल काढून, कापडात गुंडाळून डब्यात घाला. मूळ चामड्याची केस पाठवू नका. आपल्याकडच्या पावसात ती केस ओल धरून ठेवते आणि बुरशी तिच्यातूनच काचेवर चढते. घरीही कॅमेरा केसबाहेर, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद डब्यात ठेवा आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्या.