गोदाकाठचा सिंह काढावा का?

सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. तिथल्या हाल राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत कवितासंग्रहात एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिकाला सांगते, की आता निर्धास्त फिरा, तुम्हाला भिववणारे ते कुत्रे गोदाकाठच्या झाडाझुडपांच्या जाळीतल्या सिंहाने आज मारले. वरवर हे अभय आहे. खरे तर ती जाळी तिचे प्रियकराला गुपचूप भेटण्याचे ठिकाण असल्यामुळे त्याने तिकडे फिरकू नये, अशी ही युक्ती आहे. 9व्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी म्हणजे सूचित अर्थ समजावताना हीच गाथा घेतली होती.

या गाथेची चित्रकथा करताना सिंह काढला, तर माझ्या मते गाथाच संपते. ‘ती असे म्हणते’ आणि ‘असे आहे’ हा भेद शब्द सहज सांभाळतात, पण चौकटीत दिसलेला सिंह वाचक खराच धरतो.

चित्र पाहतानाही आपण बरेचसे स्वतःच जुळवत असतो. अगदी स्पष्ट दिसते ते डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या मध्यावर पडणाऱ्या सुमारे 2 अंशांच्या भागातच, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे. म्हणून वाचताना नजर सेकंदाला तीन-चार उड्या घेते आणि त्या तुकड्यांतून मेंदू सलग दृश्य उभे करतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक असेच काहीसे करतो. (साम्य ओढूनताणून नेऊ नये: नजरेची जुळवणी नकळत होते, पट्टीतली मात्र कथेच्या आधाराने.) अजिंठ्याच्या 17व्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेच्या) चित्रात तर चौकटीही नाहीत, तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो आणि प्रसंग कुठे बदलला, हे आपणच ओळखायचे असते.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पेव्हिओ यांच्या मते शब्द आणि प्रतिमा मनात वेगळ्या, पण एकमेकांशी जोडलेल्या रूपांत साठतात, त्यामुळे दोन्हींची साथ स्मरणाला उपकारक ठरते. मात्र शिक्षणाचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असेही दिसले, की जे चित्रातून पुरते कळते तेच शब्दांत पुन्हा सांगितल्यास शिकणाऱ्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, उगाच भार पडतो. रूपांतरकाराने यातून घ्यायचे ते इतकेच, की सिंह तिच्या बोलण्याच्या फुग्यात राहू द्यावा आणि चित्रात जाळी, फुलांची परडी, तिची तिरकी नजर यावी. कुत्रे मात्र पहिल्याच चौकटीत भुंकताना दाखवायला हवे. धार्मिकाला वाटणारी त्याची भीती खरी आहे.