बोअरच्या पाण्यातला किरणोत्सर्ग : तपासायला देण्याआधी वाचा

मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरला की आमच्या सांगलीच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या काउंटरवर बाटल्यांची रांग लागते. "युरेनियम आहे का तेवढं बघा." बघून देऊ, पण खर्च करण्याआधी थोडं ऐकून घ्या.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम फारच कमी. म्हणून घरच्या बोअरसाठी आम्ही आधी नायट्रेट, क्षार आणि जिवाणू तपासायला सांगतो. पाण्याचे प्लांटवाले मात्र सुटत नाहीत. बाटलीबंद पाण्याच्या मानकात ही तपासणी आहेच.

रिपोर्टवर मुख्य आकडे दोन, अल्फा आणि बीटा. किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे हे दोन प्रकारचे कण. ते बेकरेलमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती अणू फुटतात ते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे अल्फा लिटरला ०.१ बेकरेलपर्यंत, बीटा १ पर्यंत. युरेनियम वेगळं मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या पेनाला यातलं काहीही कळत नाही.

बीटा जास्त आला तर लगेच बोअर बंद करू नका. निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश किरणोत्सारी असतो. लिटरमध्ये ३६ मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असलं, तर तेवढ्यानेच बीटा १ वर जातो. उसाला, द्राक्षाला टाकलेलं पोटॅश झिरपून विहिरीत उतरू शकतं. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतःच सांभाळतं, त्यामुळे आम्ही ते मोजून त्याचा वाटा बीटातून वजा करतो. उरलेला आकडा खरा बघायचा.

क्षारपड भागातलं पाणी जास्त वेळ खातं. नमुना आटवून थाळीवर मोजतात. क्षारांचा थर जाड झाला की अल्फा कण त्यातच अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो. मग थोडंच पाणी घेऊन जास्त वेळ मोजावं लागतं. रिपोर्टला उशीर झाला तर कारण बहुधा हेच.

नमुन्यासाठी आमच्याकडून कॅन न्या, कोल्ड्रिंकची बाटली चालणार नाही. मोटर दहा मिनिटं चालवा, मग टाकीतलं नको, थेट बोअरचं पाणी भरा. कॅनमध्ये आधीच थोडं नायट्रिक ॲसिड असतं, नाहीतर पाण्यातलं रेडियम, हाही एक किरणोत्सारी धातू, आतल्या बाजूला चिकटून बसतं. ते ओतून टाकू नका, हातही लावू नका आणि कॅन पोरांपासून लांब ठेवा. रेडॉन हा किरणोत्सारी वायू बघायचा असेल तर काचेची बाटली, आत एकही बुडबुडा नको, आणि त्याच दिवशी पोचती करा. पावणेचार दिवसांत तो निम्मा होतो.

उकळल्याने रेडॉन उडतो, युरेनियम जात नाही. ते आरओने बरंच निघतं. घरी आरओ असेल तर दोन कॅन आणा, एक मशीनच्या आधीचा, एक नंतरचा, आणि कुठला कोणता ते मार्करने लिहा.